टाकीतला प्रसाद

"मागं घ्या! गाडी मागं घ्या! बाधेची हद्द सोडा!"

जयसिंगबुवांनी हात वर केले आणि चढणीवर बंद पडलेला ट्रक ज्योतीरामने ब्रेक दाबत दाबत खाली ओढ्याजवळच्या सपाटीवर आणला. मागेपुढे निम्मं निघोजे जमलं होतं. बाया पदर सावरत कडेला उभ्या, पोरं बाभळीवर चढलेली, कांदे घेऊन चाकणच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या खोळंबलेल्या. शाळेला उशीर होत असूनही मी सायकल टेकवून उभा राहिलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

बुवांनी नारळ फोडला. भंडारा उधळला. मग बसून आरती, मग गाऱ्हाणं. आरती अशी लांबली की दोन बैल बसले. त्यानंतर बुवांनी ट्रकच्या नाकाची, म्हणजे बॉनेटची, एक बाजू उघडली, तिच्यावर काळं घोंगडं टाकलं आणि स्वतः कंबरेपर्यंत त्या घोंगड्यात शिरले.

"कुनी बघायचं न्हाई! देव उघडा असतोय आत! ज्यानं बघितलं त्याचे डोळे गेले!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. घोंगड्याआडून आवाज यायला लागला. "येळकोट! येळकोट! येळकोट!" प्रत्येक येळकोटाला बुवांचं कोपर घोंगड्याखाली वरखाली होत होतं. शेवटी "जय मल्हार!" अशी आरोळी झाली, ज्योतीरामने बटण दाबलं, ट्रकने काळा धूर ओकला आणि इंजिन धडधडायला लागलं. काय तो जल्लोष! म्हाताऱ्या माणसांनी ट्रकच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. ट्रक चढण चढून हमरस्त्याला लागला आणि लोक पांगले.

मी भीमराज. निघोज्याच्या शाळेत मास्तर. त्याआधी देहूरोडला होतो. ही गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची. माझा स्वभाव तिखट आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण ही गोष्ट सांगताना मला राग कमी येतो आणि वाईट जास्त वाटतं. सांभाळून घ्या.

ट्रक ज्योतीरामचा, म्हणजे खरं तर त्याचे वडील रंगराव यांचा. देहूरोडला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून आणलेला. लांब नाकाचा, मजबूत, पण कित्येक पावसाळे उघड्या मैदानात उभा राहिलेला. त्याच आठवड्यात ज्योतीरामचं लग्न झालं. नवरी देहूरोडची, सुभद्रा. माझ्याच हाताखाली सातवी झालेली. वऱ्हाड त्याच ट्रकमधून निघोज्याला निघालं आणि वाटेतल्या एका चढणीवर गाडी पहिल्यांदा बंद पडली.

झालं. पोरगी अजून माप ओलांडून घरात आली नव्हती, तोवर पांढऱ्या पायाची ठरली.

मग जयसिंगबुवा आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. शेजारच्या वाडीत त्यांनी खंडोबाचा टाक मांडला आणि रंगरावांना ज्ञान दिलं. ते ज्ञान मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "गाडीला बी जीव असतो, पाटील. डिझेल तिचं रगात, इंजिन तिचं काळीज, आन् टाकी तिचं तोंड. तुमी खंडेनवमीला तिच्या अंगाला कुंकू लावता, हार घालता. पन तिला कधी घास भरवला का? उपाशी हाय ती!"

तोंडाने रक्त पिणारं जनावर! शरीरशास्त्र मी शिकवतो हो, पण असला प्राणी माझ्या पुस्तकात नव्हता.

त्या दिवसापासून दर रविवारी टाकीचं झाकण उघडून गाडीला घास भरवला जाऊ लागला. मूठभर भंडारा, चार अक्षता, वर तांब्याभर तीर्थ. खंडोबाचा यात काडीचा दोष नाही. त्याने कुणाला डिझेलमध्ये हळद कालवायला सांगितलं नव्हतं.

मी ज्योतीरामला एकदा गाठलं. "अरे भावा, पिंपरीला एवढी गॅरेज आहेत. मिस्त्रीला दाखव."

"दाखवली मास्तर. मिस्त्री म्हनला, टाकी खाली उतरवा, आतनं धुवा, घाण हाय."

"मग धू की!"

त्याने मान खाली घातली. "वडील नको म्हनत्यात. टाकीत प्रसाद हाय. तो मातीत कसा सांडायचा?"

आता बाहेरच्या माणसाला यात काय अडचण आहे ते कळायचं नाही. आमच्याकडे प्रसादाचं शीत जमिनीवर पडलं तर माणूस ते उचलून डोळ्यांना लावतो. पायदळी तुडवला गेला तर घरावर अरिष्ट येतं, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे टाकीत दर रविवारी भर पडत होती आणि बाहेर काहीच निघत नव्हतं. मी रंगरावांकडेही गेलो. ते ओसरीवर बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"मास्तर, तुमी लोकांनी देव सोडला. तुमाला प्रसादाचं काय कळनार?"

"देव सोडला, डोळे नाही सोडले," मी म्हणालो. त्यांनी तोंड फिरवलं. माझ्या जिभेमुळे ते दार मला बंद झालं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

निघताना सुभद्रा गोठ्याजवळ भेटली. दिवस गेलेले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे वर्गात असायचे तसेच, प्रश्न विचारणारे.

"गुरुजी, परवा गाडी चढणीला बंद पडली तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. माझे पाय इथे, गाडी तिथे. मग माझ्या पायांनी कशी बंद पडली?"

"हे सासऱ्यांना विचारलंस?"

"विचारलं. बुवा म्हणाले, पांढऱ्या पायांना अंतर नसतं." ती हसली. "आणि गुरुजी, गाडी उतरताना कधीच बंद पडत नाही. माझे पाय फक्त चढतानाच पांढरे होतात काय?"

सगळं गाव एका बाजूला आणि ही पोर एका बाजूला. गावात त्या वेळी डोकं चालवणारं ते एकच माणूस होतं, आणि तिचं म्हणणं तिच्या चुलीच्या पलीकडे कुणी जाऊ दिलं नाही.

पुढचं मला सुमनताईंनी सांगितलं. सुमनताई चाकणच्या दवाखान्यातल्या नर्स, वाड्यावस्त्यांवर फिरून बाळंतपणं करायच्या. सुभद्राला कळा सुरू झाल्या तेव्हा त्या नेमक्या निघोज्यात होत्या. पोटावर हात ठेवताच म्हणाल्या, "मूल पायाळू आहे. इथे माझ्या हातात काही नाही. हिला ताबडतोब पुण्याला न्या."

घरात ट्रक होता. दुसरा विचार कुणी कशाला करेल? मागे गादी टाकली, सुभद्राला झोपवलं, सुमनताई शेजारी बसल्या. ज्योतीरामने गाडी हाणली. आणि ओढ्यानंतरच्या चढणीवर ती बंद पडली.

रंगरावांनी माणूस पिटाळला, बुवांना आणायला.

चढणीवरून हमरस्ता दिसतो. पुण्याकडे जाणारे ट्रक, एस.टी., कंपन्यांच्या गाड्या, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. बाजाराचा दिवस. गावातल्याच किसनची बैलगाडी कांदे घेऊन मागून आली. सुभद्रा कळा सोशीत उठून बसली आणि म्हणाली, "मला त्या गाडीत घाला. हमरस्त्यापर्यंत न्या. तिथे कुणीही घेईल." सुमनताईंनी किसनला थांबवलं. तो बिचारा पोती उतरवायलाही लागला होता. रंगराव आडवे आले.

"तिच्या अंगातली बाधा ट्रकमधी उतरलीय. बुवा यायच्या आत ती हलली तर गाडीबी जाईल, पोरबी जाईल. आन् किसन, तुज्या बैलांचा मी जिम्मेदार न्हाई."

किसनने बैलांकडे पाहिलं. उतरवलेली पोती परत चढवली आणि निघून गेला.

"आणि ज्योतीराम?" मी सुमनताईंना विचारलं.

"बापाच्या तोंडाकडे बघत उभा होता," त्या म्हणाल्या. "बायको त्याला नावाने हाका मारत होती, भीमराज भाऊ. कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई. हाका मारत होती."

बुवा आले. गाडी मागे घेतली. नारळ, आरती, गाऱ्हाणं, काहीही गाळलं नाही. घोंगड्यात शिरून येळकोट झाले. पण त्या दिवशी इंजिन नुसतंच खोकलं. मग बुवांनी आणखी एक मूठ भंडारा टाकीच्या तोंडात घातला आणि म्हणाले, "बाईला खाली उतरवा. ती वर हाय तवर गाडी चालू व्हायची न्हाई."

तिला उतरवलं. बाभळीखाली, धुळीत. मूल तिथेच झालं. मुलगा होता. रडला नाही.

किसन बाजारातून रिकामी गाडी घेऊन परत आला तेव्हा ती तिथेच पडलेली होती. या वेळी त्याने कुणाला विचारलं नाही. तिला आणि सुमनताईंना गाडीत घातलं, बैल वळवले आणि हमरस्त्याला नेलं. तिथे पहिल्याच ट्रकवाल्याने थांबून घेतलं. एवढंच करायचं होतं हो. एवढंच.

सुभद्रा वाचली. पुण्याहून तिला तिची आई तानुबाई माहेरी देहूरोडला घेऊन गेली. इकडे बुवांनी निकाल दिला, की मूल बाधेनेच खाल्लं. येत्या रविवारी सुनेला चढणीवर आणा, भर लोकांत चाबकाने झाडतो, नाहीतर सगळं घर बसेल. रंगरावांनी तसा निरोप धाडला. तानुबाई माझ्याकडे रडत आली.

"गुरुजी, पोरीचं अंग अजून ओलं हाय. चाबूक कसा सोसंल? आन् न्हाई पाठवली तर टाकून देतील."

"पाठवू नका," मी म्हणालो. "रविवारी मी जातो."

आधी पिंपरीच्या मिस्त्रीकडून गाडीचं सगळं समजून घेतलं, मग ज्योतीरामला भेटलो. तो ट्रकच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मास्तर, मला काय बी कळंना झालंय. तुमाला करायचं ते करा. मी आडवा येनार न्हाई."

रविवारी चढणीवर ही गर्दी! चाबूक बघायला माणसं लांबून आलेली. माणसाला दुसऱ्याचं दुःख बघायला एवढा वेळ कुठून मिळतो, हे मला अजून कळलेलं नाही. रंगराव पुढे आले.

"सून कुठं हाय?"

"ती देहूरोडला आहे. येणार नाही," मी म्हणालो. "बरं झालं की. बाधा तिकडे, गाडी इकडे. आता गाडी चढायला पाहिजे. ज्योतीराम, घे वर."

ज्योतीरामने पोत्यांनी भरलेला ट्रक चढणीला घातला. निम्म्यावर गेला, गचके खाल्ले आणि बंद पडला. गर्दीत कुजबूज झाली. एक म्हातारी म्हणाली, "आता गं बया! ती तर हितं न्हाई!"

"सावली राहिली तिची!" बुवा ओरडले. "सावली! गाडी मागं घ्या!"

गाडी मागे आली. नारळ, आरती, घोंगडं. बुवा आत शिरले, येळकोट सुरू झाला आणि ठरल्याप्रमाणे सुमनताईंनी पुढे होऊन ते घोंगडं सर्रकन ओढलं. लोक ओरडले, कुणी डोळे झाकले. कुणाचेही डोळे गेले नाहीत. आत देव नव्हता. बुवांचा अंगठा इंजिनाच्या कडेला असलेल्या एका छोट्या दट्ट्यावर होता.

"हात काढू नका बुवा," मी म्हणालो. "लोकांना दाखवा. हा हातपंप आहे. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत ओढायला कारखान्यानेच बसवलेला. नळीत हवा शिरली की गाडी बंद पडते. हा दाबला आणि वरचा स्क्रू ढिला केला की हवा निघते, गाडी चालू होते. प्रत्येक येळकोटाला एक दाब. कुठल्या गॅरेजात शिकलात?"

"चिंचवडला... हेल्पर होतो," बुवा पुटपुटले. "काढून टाकलं त्यांनी. मी कुनाचं वाईट केलं न्हाई. गाडी चालू तर करून देत होतो."

"आणि पुन्हा बंद पडायची सोय टाकीत घालत होतात!"

मी शाळेच्या प्रयोगाच्या कपाटातली काचेची मोठी बरणी आणली होती. ज्योतीराम पाना घेऊन टाकीखाली शिरला. तळाला एक बोल्ट असतो, तो उघडायचा होता. रंगराव धावले, "प्रसाद मातीत सांडतोय!"

"एक थेंब सांडणार नाही. बरणीत घेतो," मी म्हणालो.

बोल्ट निघाला. आधी आलं पाणी, गंजाने तांबडं झालेलं. मग पिवळा रेंदा, लोण्याएवढा दाट. त्यात फुगलेले तांदळाचे दाणे, सडलेलं झेंडूचं पान. असा वास, की पुढचे लोक मागे सरले. कितीतरी वेळानंतर डिझेल आलं. बरणी उंच धरली तेव्हा सगळ्यांना दिसलं. खाली चिखल, मध्ये पाणी, वर डिझेल.

"पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं," मी सांगितलं. "टाकीतली नळीही तळाशीच असते. गाडी जुनी, मैदानात उभी राहून आतून गंजलेली, म्हणून पहिल्या दिवशी बंद पडली. बाधा होती ती गंजाची. चढणीला इंजिन जोरात डिझेल ओढतं, त्याबरोबर हा गाळ नळीच्या तोंडाला येऊन चिकटतो, डिझेल अडतं आणि नळीत हवा शिरते. उताराला एवढी ओढ नसते, म्हणून तिथे बंद पडत नाही. इंजिन बंद झालं की ओढ संपते. गाडी सपाटीवर आणून आरती होईपर्यंत उभी ठेवली की गाळ गळून खाली बसतो. मग हातपंप. झाला चमत्कार! मिस्त्रीने आधीच धुवायला सांगितलं होतं. तुम्ही धुतलं नाही, उलट दर रविवारी भर घातली. त्या दिवशी टाकीत एवढा गाळ झाला होता, की बुवांचा पंपही चालला नाही."

मग आम्ही टाकी उतरवली, धुतली. गाळणी नवी बसवली. नवं डिझेल फडक्यातून गाळून घातलं. लोक हलले नाहीत. ज्योतीरामने स्वतः पंप दाबला, तोंडातून शब्द न काढता. ट्रक एका दमात चढण चढला आणि हमरस्त्याला जाऊन उभा राहिला.

कुणी जल्लोष केला नाही. त्या बाभळीखालून जायचं कुणाला धाडस होईना.

रंगरावांनी एकाएकी काठी उगारली आणि बुवांकडे धावले. मी मध्ये पडलो.

"काठी खाली करा, रंगराव. त्याला पोलिसांकडे देऊ. पण किसनची गाडी कुणी अडवली?"

काठी हातातून गळाली. म्हातारा तिथेच मटकन बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे. तरी त्या वेळी मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम ती बरणी घेऊन देहूरोडला निघाला. मला सोबत या म्हणाला. तानुबाईने चटई टाकली. सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती, अंगावर चादर. ज्योतीरामने बरणी तिच्यापुढे ठेवली आणि अडखळत अडखळत सगळं सांगितलं. पाणी, गाळ, नळी, पंप. शेवटी म्हणाला, "तुजा काई दोष नव्हता, सुभद्रा. आता समद्यांना कळलंय. चल घरी."

तिने बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"टाकीत गाळ आहे हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हालाही नव्हतं. त्याचा राग नाही माझा. पण समोर रस्ता होता. बैलगाडी होती. ती तर दिसत होती ना तुम्हाला?"

ज्योतीरामने मान खाली घातली. "दिसत व्हती."

"मी म्हणत होते, मला त्यात घाला. ऐकू येत होतं?"

"येत व्हतं."

"मग ही बरणी कशाला आणलीत?"

सुभद्रा घरी परत आली नाही. पुढे सुमनताईंच्या ओळखीने ती पुण्याला नर्सिंग शिकायला गेली. ज्योतीरामने दुसरं लग्न केलं नाही. तो ट्रक त्याने विकून टाकला.

वाचकहो, गाडीची टाकी कशी धुवायची ते तुम्हाला यायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. ते मिस्त्रीला येतं, त्याला विचारा. नर्स सांगते ते ऐका. न कळणाऱ्या गोष्टीचं खापर कुणा बाईच्या पायांवर फोडायच्या आधी, ती बाई घरात असताना आणि नसताना काय होतं एवढं तरी ताडून बघा. देवाला खुशाल हात जोडा, त्याला माझी हरकत नाही. पण जिवंत माणूस कळवळून रस्ता दाखवत असेल तर हात जोडून उभे राहू नका. त्याला उचला आणि आधी हमरस्त्याला न्या.